शेवंताकाकीचं रगात

"नाव?" लॅबच्या बाईनं विचारलं.

"जयवंती जगन्नाथ परब," शेवंताकाकी ठणठणीत आवाजात म्हणाली.

चहाचा ट्रे घेऊन मी पडवीच्या दारात पोचले होते, ती तिथंच थबकले. कारण जयवंती जगन्नाथ परब म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्या पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुपात तांदूळ घेऊन, आपला या घराशी काही संबंधच नाही अशा चेहऱ्यानं खडे वेचत बसल्या होत्या.

"वय?"

आता काकी अडली. नाव पाठ करून आणलं होतं, वयाचा विचार दोघींपैकी कुणीच केला नव्हता. ती सरळ आईंकडे वळून म्हणाली, "गो, माझा वय काय गो?"

"बासष्ट घाल," आई सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

लॅबच्या मेस्त्रीबाई नव्यानंच कामाला लागल्या होत्या. सकाळपासून स्कूटीवरून चार वाड्या फिरून दमल्या होत्या. आपलं वय शेजारणीला विचारणारी बाई त्यांना या भागात पहिल्यांदाच भेटली असेल असं वाटत नाही. त्यांनी मुकाट्यानं बासष्ट लिहिलं. "बाही वर करा, आजी."

काकीनं हात उचलला. तो खांद्याच्या आसपासही गेला नाही. "ह्या मेल्या शिंप्यान ब्लाउज असो शिवल्यान की हात वर करूक गावणा नाय," ती करवादली. शेवटी आईंनीच उठून तिची बाही सरकवली आणि पुन्हा लगबगीनं परक्या होऊन सुपाशी जाऊन बसल्या.

सुई टोचली. नळीत रक्त चढायला लागलं तसं काकीचं तोंड कौतुकानं फुललं. "बघ कसा येता! ह्येका म्हणतत रगात! शहाळ्याच्या पाण्यावर पोसलेला आसा. आमच्या घराण्यात सांधेदुखी म्हणान कोणाक ठावक नाय."

"मग ही तपासणी कशाला करताय?" मेस्त्रीबाईंनी विचारलं.

आई सुपाआडून जोरात खोकल्या.

"झिलाची हौस," काकी म्हणाली. झील म्हणजे मुलगा. आईंचा मुलगा, म्हणजे माझा नवरा दिगंबर, त्या वेळी कुडाळच्या पतपेढीत निवांत बसलेला असणार.

मी चहा दिला. खाज्याची बशी पुढं केली. खाजं, म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कडक कांड्या, हा काकीचा जीव की प्राण. जत्रेतून आणलेलं खाजं घरी पोचेपर्यंत ती पुडीत ठेवत नसे. त्या दिवशी तिनं एकच तुकडा उचलला, चहात बुडवला आणि पार लगदा होईपर्यंत थांबली. "दाढ हलता," ती मला म्हणाली. तिच्या दोन्ही कानशिलांना बाम थापलेला होता. केस विंचरलेले नव्हते, वरून पदर ओढून घेतला होता. हे सगळं मला दिसलं, पण त्या क्षणी माझं लक्ष नळीवर चिकटणाऱ्या चिठ्ठीकडे होतं. चिठ्ठीवर माझ्या सासूचं नाव होतं.

स्कूटी वळणाआड गेली आणि दोघी साठीच्या बायका शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या.

"आई, हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"तू चाय घेवन ये आणखी," आई म्हणाल्या.

आता यातली मेख सांगायला हवी. मी सांगलीची. आमच्याकडे फुगडी म्हणजे दोन पोरी आणि चार गिरक्या. लग्न होऊन सिंधुदुर्गात आले तेव्हा कळलं की इथं फुगडी म्हणजे मंडळ, एकसारख्या नऊवारी, ढोलकी, गाणी, तालमी आणि गणपतीनंतर कुडाळला होणारी स्पर्धा. आमच्या पाटवाडीचं श्री रवळनाथ महिला फुगडी मंडळ त्या स्पर्धेत मानाचं. आणि मंडळाची शेवटची फुगडी, जिच्यासाठी लोक खुर्च्यांवर चढून उभे राहत, ती आई आणि शेवंताकाकीची. दोघी एकाच माहेरगावच्या, एकाच मांडवात लग्न होऊन एकाच वाडीत आलेल्या, नात्यानं चुलत जावा. बांधावरच्या फणसावरून वर्षातले सहा महिने त्यांचं बोलणं बंद असे. पण हातात हात घातले की दोघी अशा फिरत की नऊवारीचा रंगसुद्धा ओळखू येत नसे.

आदल्या वर्षी मात्र घात झाला. ऐन रंगात आईंची बोटं सुटली. शेवंताकाकी वेगानं सुटून थेट परीक्षकांच्या टेबलावर जाऊन बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली, फुलदाणी आणि भज्यांची बशी यांच्या मधोमध. पहिल्या बक्षिसाची चांदीची समई माळवाडीच्या मंडळानं नेली. काकी महिनाभर ज्याला त्याला सांगत होती, "जयेच्या हातात दम नाय रवलो."

दम नव्हताच. सकाळी आईंची मूठ वळत नव्हती, बोटांचे पेर सुजून येत, तांब्या उचलता येत नसे. उंडीचं तेल झालं, निर्गुडीचा पाला झाला, गावातल्या तिघांनी तीन प्रकारचा वात सांगून झाला. शेवटी गोव्याहून महिन्यातून एकदा कुडाळला येणाऱ्या डॉक्टर प्रभुदेसाईंकडे गेलो. ते फक्त सांध्यांचे डॉक्टर. त्यांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि सांगितलं, "हा आमवात. घराची राखण करायला ठेवलेला कुत्रा घरच्याच माणसांना चावायला लागला, तर कसं होईल? तसं तुमच्या शरीरानं केलंय. स्वतःच्याच सांध्यांवर धावून जातंय."

मग त्यांनी ईएसआर समजावून सांगितला. रक्त उभ्या नळीत ठेवायचं, तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते बघायचं. अंगात सूज असेल तर त्या भराभर खाली बसतात.

"सोलकढी बसता तशी?" आईंनी विचारलं.

"अगदी तशी. आणि सीआरपी म्हणून दुसरा आकडा असतो, सूज पेटली की तो चढतो, विझली की उतरतो. हे दोन्ही खाली आले, हातांची सूज उतरली, की बघू तुमच्या फुगडीचं. तोवर बंद."

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि दिगंबरनं घरात फतवा काढला, "चांगला रिपोर्ट दाखवल्याशिवाय फुगडी नाय."

आई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या लेखी ही परीक्षाच झाली. पहिला ईएसआर अठ्ठ्याहत्तर आला, तेव्हा त्यांना वाटलं बरे मार्क पडले. दुसऱ्या खेपेला बावन्न आला तेव्हा त्या खट्टू झाल्या. उलटी मोजणी आहे हे समजावता समजावता माझा घसा बसला. मग मात्र त्यांनी अभ्यासच मांडला. वडे सोडले, वांगं सोडलं, तपासणीच्या आदल्या दिवशी कुणाशी भांडायचं नाही, रक्त तापतं, असा स्वतःचा नियम केला. हात हळूहळू सुधारत होते. पण गणपती तोंडावर आले आणि आईंचा धीर सुटला. नापास झालो तर काकीच्या जोडीला दुसरी कोणीतरी उभी राहणार, ह्या विचारानं त्यांना जेवण जाईना.

"म्हणून काकीचं रक्त?" मी म्हटलं.

"मगे? माका दुसरीच्या हातात हात दिलंय की घेरी येता," काकी म्हणाली. "चाळीस वर्सा हिच्याच वांगडा फिरलंय. माझा रगात चांगला, तिचा नाय. वायच दिलंय म्हणान काय कमी होता?"

लॅबची गणपती ऑफर होती. सांधेदुखीच्या सात तपासण्या, दोनच्या दरात. डॉक्टरांनी दोनच लिहून दिल्या होत्या, पण आईंनी सातही घेतल्या. सात पेपर दिले तर एखाद्यात तरी पहिला नंबर येईल, असा त्यांचा हिशेब होता.

मग काकीनं देवासमोर नारळ ठेवला आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज हय जा काय झाला, ता पोटात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाल्या.

"जयेच्या नावान जा रगात गेला, तेका चांगले मार्क पडांदेत रे म्हाराजा! आणि आमच्या दोघींपैकी जी कोण ह्या भायर बोलात, तिची जीभ झडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही सवयीनं तोंड उघडलं, तर काकीनं मला हातानं थांबवलं. "तू नको. तुझी शपथ आमच्या देवाक चलाची नाय. घाटावरचा माणूस तू."

लग्नाला चार वर्षं झाली होती, रोज तांदळाची भाकरी थापत होते, आणि शपथेपुरती मी अजून घाटीणच होते. मी रागानं आत गेले. ते घाटीणपण पुढं किती उपयोगी पडणार होतं हे तेव्हा मला काय माहीत!

रिपोर्ट लॅबनं परस्पर डॉक्टरांकडे पाठवला. ठरल्या दिवशी मी आणि आई कुडाळला गेलो. आईंनी नवी साडी नेसली होती, वेणी माळली होती. निकालाच्या दिवशी जातात तशा त्या निघाल्या होत्या.

डॉक्टरांनी आधी हात पाहिले. एकेक पेर दाबला. "दुखतं?"

"नाय."

"मूठ वळा. माझी बोटं धरा घट्ट. अरे वा! सोडा, सोडा आता." डॉक्टर बोटं चोळत हसले. "छान झालंय हो. मी खूश आहे." मग त्यांनी रिपोर्ट उघडला.

त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या. इतके चांगले मार्क की डॉक्टरांचा विश्वास बसेना, असंच त्यांना वाटत होतं.

"ईएसआर एकशे बारा," डॉक्टर म्हणाले.

"किती?" मी किंचाळलेच.

"सीआरपी तर विचारूच नका. हिमोग्लोबिन उतरलंय. आणि गंमत म्हणजे आरए फॅक्टर निगेटिव्ह. अँटी सीसीपी निगेटिव्ह." त्यांनी आईंचा जुना कागद काढून शेजारी ठेवला. "आई, आमवाताच्या ह्या दोन्ही खुणा तुमच्या रक्तात भरपूर होत्या. ईएसआर चढतो-उतरतो. हे असं दोन महिन्यांत पुसून जात नाही. हात सुधारलेत आणि रक्तात मात्र आग लागलीय. हे रक्त तुमचं नाही."

आईंनी छताकडे पाहिलं.

"लॅबनं नळ्यांची अदलाबदल केली. कोण आलं होतं रक्त न्यायला?" डॉक्टरांनी फोन उचलला. "अशा माणसांना कामावर ठेवताच कामा नये."

"तिचा काय चुकला नाय!" आई एकदम म्हणाल्या आणि जीभ झडते की काय अशा भीतीनं दोन्ही हात तोंडावर धरले.

डॉक्टरांनी फोन ठेवला. ते आईंकडे बघत राहिले. माणसं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. आता ते अगदी हळू बोलू लागले.

"हे बघा, मी रागावणार नाही. पण हे ज्या कुणाचं रक्त आहे, तिला मला आजच बघायला हवं. एवढा ईएसआर पुष्कळ कारणांनी वाढतो, नुसत्या कागदावरून मी काही सांगणार नाही. पण बाई वयस्कर असेल, तर काही गोष्टी मला विचारायच्यात. सकाळी उठताना खांदे-मांड्या आखडतात का? केस विंचरायला हात वर जातो का?"

आईंचे हात तोंडावरून खाली आले.

"कानशिलं दुखतात का? काही कडक चावताना जबडा भरून येतो का, की खाणंच थांबवावं लागतं?"

मला खाज्याचा लगदा आठवला. शिंप्याचा ब्लाउज आठवला. बाम आठवला. मी आईंकडे पाहिलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"असं असेल, तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असण्याची शक्यता आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यात एके दिवशी अचानक डोळा जातो. गेलेली नजर परत येत नाही. औषध आधी पोचलं तर काही होत नाही. म्हणून विचारतोय, कोण आहे ती?"

आई उठून उभ्या राहिल्या. बसल्या. पुन्हा उठल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. देवाची शपथ होती आणि ती आमच्या रवळनाथाची होती, त्यात गंमत नव्हती. शेवटी त्यांनी माझा दंड असा धरला की त्या हातांची खरोखरच सूज उतरलीय याची मला खात्री पटली.

"डॉक्टरांनू," त्या म्हणाल्या, "मी शपथ घेतलंय. माका बोलूक गावाचा नाय. पण ह्या माझ्या सुनेन घेतल्यान नाय. ती घाटावरची आसा." आणि मला पुढं ढकलून ओरडल्या, "बोल मगो घाटीणी, बघतंस काय!"

मी बोलले. एका दमात सगळं बोलले. ब्लाउज, बाम, खाजं, नारळ, काही म्हणता काही ठेवलं नाही. डॉक्टरांनी एकदा कपाळाला हात लावला, एकदा हसू दाबलं आणि म्हणाले, "मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे. तिला घेऊन या. कशीही."

आम्ही निघताना त्यांनी आईंचं रक्तही तिथंच काढून घेतलं, आणि या वेळी स्वतः समोर उभे राहिले.

रिक्षा थेट काकीच्या अंगणात नेली. काकी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. आम्ही सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं आणि फटकन म्हणाली, "डॉक्टराक येड लागला. माझा रगात? शक्यच नाय." मग थोडा विचार करून तिचा चेहरा उतरला. "जये, ह्या देवाचा काम. मी तुझा नाव घेतलंय, म्हणान देवान तुझो आजार माका दिल्यान. आता तू बरी झालंस बघ!"

"माझो आजार इतको नाय," आई म्हणाल्या. "माझो बावन्न. तुझो एकशे बारा."

अशा वेळीही आईंच्या आवाजात किंचित असूया होती, असं मला वाटलं. काकी तर त्या आकड्यानं क्षणभर सुखावलीही. पण हलेना. माझं रक्त, माझं घराणं, माझं शहाळं हेच चालू. तिचा मुलगा मुंबईला, सून शेतात. काय करावं मला सुचेना.

आई आत गेल्या आणि काकीची फणी घेऊन आल्या. काकीसमोर बसल्या, स्वतःचा अंबाडा सोडला. मग त्या वाकड्या झालेल्या बोटांत फणी धरून, हात डोक्याच्या मागं नेऊन, केसांतून सावकाश खालपर्यंत ओढली. परत एकदा ओढली. फणी काकीच्या हातात दिली. "आता तू. माझो हात फुटको, तरी गेलो. तुझो धडधाकट ना? दाखव."

"माका नाय विंचरूचे."

"दाखव म्हणतंय ना शेवंते."

काकीनं फणी धरली. हात छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला, तिथंच अडला. तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार देऊन पाहिला. मग मानच खाली वाकवून फणीपाशी न्यायचा प्रयत्न केला. फणी खाली पडली. कुणीच ती उचलली नाही.

"आगोठीच्या, पाऊस लागूच्या आधीपासून असाच आसा," काकी म्हणाली. तिचा तो फाडफाड आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "सकाळी खाटेवरून उठूक गावणा नाय. सुनेक सांगतंय, झोप येता म्हणान. आणि परवा तुळशीकडे दिवो लायताना उजव्या डोळ्याफुडे काळोख झालो. दिवो पेटलेलो, माका दिसणा नाय. मगे वायच वेळान दिसूक लागला."

"आणि बोललंस नाय ती?" आईंचा आवाज चिरकला.

"बोललंय असतंय तर झिलान फुगडी बंद केल्यान असती. तुझ्या दिगून केल्यान तशी." काकी रडायला लागली. "तुझे हात गेले, माझे पण गेले म्हटल्यार मंडळाचा काय? मी म्हटलंय, तू बरी हो, मी कशीतरी ओढतंय."

दोघीही एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या, आणि एकीनं तर आपलं ते धडधाकट रक्त मोठ्या मनानं दुसरीला दान केलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. आई मात्र रडल्या नाहीत. काकीच्या मागं बसून त्यांनी ते कितीतरी दिवसांचे गुंतलेले केस सोडवले. दुखऱ्या कानशिलापाशी फणी लावली नाही, नुसती बोटं फिरवली. अंबाडा घातला, चाचपून पाहिला, आणि म्हणाल्या, "चल. अशी भुतासारखी डॉक्टराकडे नेवची नव्हतंय."

डॉक्टरांनी काकीची कानशिलं बोटांनी चाचपली, नजर तपासली, आणि पहिली गोळी तिथंच स्वतःच्या समोर घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी गोव्याला नेऊन रक्तवाहिनीची तपासणी झाली. त्यांचा अंदाज खरा निघाला. "अजून थोडं थांबला असतात, तर ही भेट वेगळी झाली असती," ते काकीला म्हणाले.

औषधानं काय जादू केली ते सांगून खरं वाटणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्या अंगणात उभी, दोन्ही हात आभाळाकडे. "बघा गो, बघा!" त्या आठवड्यात तिनं वाडीतल्या दिसेल त्या बाईची वेणी घातली. माझीही घातली, इतकी घट्ट की माझ्या भुवया वर गेल्या.

आणि आईंचा खरा रिपोर्ट आला. ईएसआर चोवीस. सीआरपी हद्दीत. नापास व्हायच्या भीतीनं त्यांनी कॉपी केली होती. स्वतःचा पेपर लिहिला असता तर पास होत्या. दिगंबरला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सात पेपर घेतलंस ता बरा केलंस आये. दोनच घेतलं असतंस तर डॉक्टरान तुझेच गोळये वाढवल्यान असते."

राहिला प्रश्न फुगडीचा. आईंना परवानगी मिळाली, आणि काकीला डॉक्टरांनी त्या वर्षी सक्त मनाई केली. आई म्हणाल्या, मीही उतरत नाही. काकी म्हणाली, उतरायचं. पुन्हा बोलणं बंद व्हायची वेळ आली. शेवटी काकीनंच तोडगा काढला. "ह्या घाटीणीक उभी कर."

"माझी शपथ चालत नाही, आणि फुगडी चालते?" मी विचारलं.

"फुगडीक देव लागणा नाय. पाय लागतत."

स्पर्धेच्या दिवशी काकी पहिल्या रांगेत, परीक्षकांच्या टेबलाला लागून बसली होती. बाकीची गाणी, झिम्मे, सगळं झकास झालं. मग ढोलकी चढली आणि आईंनी हात पुढं केले. मी ते धरले. पहिले काही फेरे मी मोठ्या ऐटीत फिरले. मग मंडप, दिवे, माळवाडीच्या बायका, सगळं एक होऊन फिरायला लागलं. आईंनी वेग वाढवला. माझ्या कानाशी "फू! फू!" एवढंच ऐकू येत होतं. त्या बासष्ट वर्षांच्या बाईची पकड लोखंडी होती. सुटले ते माझेच हात.

मी परीक्षकांच्या टेबलावर पोचले तेव्हा फुलदाणी वाचली, भजी नाही वाचली. समई गेली हे मला तिथं बसल्या बसल्याच कळलं. वर पाहिलं तर मधोमध आई एकट्या, दोन्ही हात तसेच पुढं धरून उभ्या, स्वतःच्याच बोटांकडे बघत. बोटं सुटली नव्हती. त्या हसत होत्या आणि रडत होत्या.

माझ्या शेजारी शेवंताकाकी खुर्चीवर चढली होती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटत, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "जये! बरा झाला गो माझे डोळे वाचले! ह्या बघूचा रवला असता!"